शिंगरू फिरवणे

शिंगराला, म्हणजे घोड्याच्या पिलाला, लगाम, खोगीर आणि स्वाराची सवय लावून बसण्याजोगे करणे म्हणजे घोडा फिरवणे किंवा फेरणे. ‘घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली?’ या कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असे आहे. दारातला घोडा गेला, पण त्या शब्दाचा हा अर्थ कोड्यात टिकून राहिला. हे काम करणाऱ्यास पूर्वी चाबुकस्वार म्हणत. आज तो शब्द बहुधा आडनाव म्हणूनच भेटतो.

सातारा-सांगलीच्या पूर्वेकडील माणदेशात आणि भीमेच्या खोऱ्यात काटक, बुटकी भीमथडी तट्टे प्रसिद्ध होती. मेंढपाळ धनगर बिऱ्हाड लादण्यासाठी आजही घोडी बाळगतात. त्यांचे शिंगरू आईमागून मैलोनमैल चालते. कुत्री, ओढे, डांबरी सडक, ट्रकचे भोंगे हे सारे त्याला लहानपणीच ओळखीचे होते. पागेत बांधून वाढलेल्या शिंगराला हेच शिकवायला महिने लागतात.

दोरीने चालणे, थांबणे, खूर उचलू देणे हे पहिल्या वर्षापासून शिकवता येते. पाठीवर माणूस मात्र 3 वर्षे पूर्ण होण्याआधी बसवू नये, कारण मणक्यांची वाढ 5-6 वर्षांपर्यंत चालू असते. (शर्यतीचे घोडे दुसऱ्या वर्षीच पळवतात, तो कित्ता गिरवू नये.) वय विकणाऱ्याला विचारण्यापेक्षा घोड्याच्या तोंडात पाहावे. पुढचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडतात, शेजारचे साडेतीन आणि कडेचे साडेचार वर्षांनी.

खरे काम जमिनीवर उभे राहूनच होते. मोहरकीला, म्हणजे तोंडावर बांधलेल्या दोरीच्या बंधनाला, लांब दोर लावून शिंगराला 15 ते 20 मीटर व्यासाच्या रिंगणात चालवतात, दोन्ही बाजूंनी. एकाच अंगाने फिरवलेला घोडा दुसऱ्या अंगाला ताठरतो. दोर हलका ओढावा आणि त्याने एक पाऊल टाकताच सैल सोडावा. ओढ सुटली, यावरूनच आपले बरोबर आले हे त्याला कळते. सोडायला उशीर झाला की कशाबद्दल सुटका मिळाली हे त्याला उमगत नाही आणि तो ओढीला ओढीनेच उत्तर देऊ लागतो. नवशिके इथेच चुकतात आणि शिंगराला हट्टी ठरवून मोकळे होतात. रोज 20-25 मिनिटे पुरेत.

पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या बिनदाताच्या जागेवर लगामाचे लोखंड बसते. खोगीर आधी हुंगू द्यावे, मग अलगद पाठीवर ठेवावे. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नये. काही घोडी आवळताना अंग फुगवतात, म्हणून चार पावले चालवून पुन्हा पाहावा. पाठीवर पहिल्या वेळी नुसते आडवे ओणवावे, मोहरकी दुसऱ्याने धरावी. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा ही मर्यादा सांगतात. त्या हिशेबाने 250 किलोच्या तट्टावर 50 किलोच; भरल्या अंगाच्या माणसाने हौस आवरलेली बरी.

मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, कच्ची असलेला माणूस तोल जाताच लगामाला लोंबकळतो. त्या झटक्यांनी शिंगराचे तोंड दगड होते, मग लगामाला ते दाद देत नाही. म्हणून शिकाऊ स्वाराने मुरलेल्या घोड्यावर बसावे, कोऱ्या शिंगरावर जाणत्याने. पाचगणीच्या टेबललँडवरची किंवा वेण्णा तलावाकाठची रपेट बसण्याची भीती घालवते. लगाम घोडेवाल्याच्या हाती असेल तर त्याहून जास्त काही शिकवत नाही.

बुजणे घालवण्याची कसोटी पाहायची तर आषाढी वारीत फलटण तालुक्यातल्या तरडगावजवळ, चांदोबाच्या लिंबाला जावे. टाळ-मृदंगाच्या गजरात, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींच्या पालखीचे दोन अश्व दौडतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी असते.