तेलाच्या पिशवीवरचं लाल हृदय

विदर्भातल्या गावांत तेलाची पारख पूर्वी नाकाने आणि ओळखीने व्हायची. घरचा जवस, तीळ किंवा शेंगदाणा तेल्याकडे न्यायचा, डोळ्यांदेखत घाणी फिरायची, ढेप गुरांना यायची. लेबलाचं कामच नव्हतं. 1934 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा केला. संघाचं काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी संघाच्या वर्ध्यातल्या मगनवाडी केंद्रातून घाणीचं तेल आणि हातसडीचा तांदूळ यांची बाजू मांडली, तीही रोजगाराइतकीच पोषणाच्या अंगाने.

1937 च्या कायद्यातून ॲगमार्क, म्हणजे शेतमालाच्या प्रतीचा सरकारी शिक्का, आला. त्याची केंद्रीय प्रयोगशाळा आपल्या नागपुरातच आहे. तिथे तपासतात ती मालाची प्रत आणि शुद्धता. तब्येतीला तेल किती मानवेल, हे त्या शिक्क्यात येत नाही. 1954 चा कायदाही भेसळ रोखण्यासाठीच होता.

खरं वळण आलं 1998 मध्ये. दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, अंगावर सूज येऊन साठाहून जास्त माणसं दगावली. त्याच वर्षी केंद्राने खाद्यतेल पॅकबंदच विकण्याचा आदेश काढला. सुटं तेल धोक्याचं, पिशवीतलं चांगलं, हे तेव्हापासून मनात बसलं. भीती रास्त होती. पण त्या 'चांगलं'मध्ये 'पौष्टिक'ही नकळत मिसळलं, आणि पिशवीवर छापलेल्या लाल हृदयाच्या चित्राने नेमकं तेच उचललं.

'कोलेस्ट्रॉल फ्री' हे शब्द घ्या. वनस्पतीच्या कुठल्याच तेलात कोलेस्ट्रॉल जवळपास नसतं, घाणीच्या जवसतेलातही नाही. 'डबल रिफाइंड', 'अँटी-कोलेस्ट्रॉल' असे शब्द छापायला नियमाने बंदी आहे, तरी दुकानात डबल रिफाइंड मागणारे अजून भेटतात. 2001 चा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो, तोही अनेकांना पौष्टिकतेची हमी वाटतो.

पिशवी उलटी करा. सीलजवळ, चुरगळलेल्या भागात बारीक अक्षरं असतात: 100 ग्रॅमला 900 किलोकॅलरी. 'लाइट' तेलालाही तेवढ्याच. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असली तरी कायद्याला चालते, मराठीची सक्ती नाही. मला हे फार खटकतं.

2022 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पाकिटाच्या दर्शनी बाजूला पौष्टिकतेनुसार तारे देण्याचा मसुदा आणला. तारा म्हटला की शाबासकीच वाटते, मग तो एकच का असेना. चिलीने 2016 पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले. गावच्या दुकानात पाकीट चित्र पाहूनच उचललं जातं, म्हणून आपल्याकडेही तशीच इशाऱ्याची खूण हवी.