तान्हेपणाची मुदत कोणी ठरवली?

दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळे, हा झाला अर्भक मृत्युदर. १९७१ मध्ये देशात तो १२९ होता. २०२० मध्ये २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. दर खेपेला चर्चा होते ती आकडा किती उतरला याची. त्यातले ‘एक वर्ष’ आले कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. पहिल्या वाढदिवसाला बाळाच्या अंगात एकाएकी काही बदलत नाही. कोणी तोवर चालायला लागलेले असते, कोणाचे रांगणे अजून संपायचे असते. वर्षाची मुदत हिशेबासाठी घातलेली आहे, आणि तो हिशेब मरणाचा आहे. तान्हेपणाच्या बहुतेक जुन्या मर्यादा अशाच, कोणते मूल जगेल आणि कोणत्याची खात्री नाही, यावरून पडल्या.

मनुस्मृतीचा पाचवा अध्याय याबाबतीत फार रोखठोक आहे. दोन वर्षांच्या आतले मूल गेले तर त्याला अग्नी देऊ नये, तर्पण करू नये; रानात लाकूड टाकावे तसे ठेवून यावे आणि तीन दिवस सुतक पाळावे. तिसऱ्या वर्षाआधी उदकक्रिया नाही, मात्र दात आले असतील किंवा नाव ठेवले असेल तर केली तरी चालेल. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण यात निर्दयपणापेक्षा सवयीचा भाग मोठा असावा असे मला वाटते. ज्या घरात चारपाच मुलांमागे एखादे तरी जाणारच, तिथे प्रत्येक वेळी तेरा दिवसांचे सुतक कोण आणि कसे धरणार? माणूस म्हणून पूर्ण गणना व्हायला मुलाला आधी टिकून दाखवावे लागे. तान्ह्याला पुरण्याची रीत आजही अनेक घरांत आहेच.

वैद्यांनी मुदत घातली ती अन्नावरून. सुश्रुतसंहितेत बाल्य सोळाव्या वर्षापर्यंत चालते आणि त्याचे तीन भाग पडतात: वर्षापर्यंत क्षीरप, म्हणजे केवळ दुधावरचे; दुसऱ्या वर्षापर्यंत क्षीरान्नाद, दूध आणि अन्न दोन्हींवरचे; पुढे अन्नाद. बालरोगांना वाहिलेल्या काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळ चाटवावे आणि दहाव्यात अन्न द्यावे असे आहे. मरणाचा उल्लेखही न करता केलेली ही विभागणी मला मनूपेक्षा कितीतरी शहाणी वाटते.

घरातल्या बायकांचे पंचांग वेगळेच. पाचवी पुजायची, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते म्हणून दिवा जागता ठेवायचा, बाराव्या दिवशी बारसे. तोवर बाळाला नाव नाही. आधीची मुले गेलेली असली तर नावही दगडू, धोंडू, केरबा असे, यमाने ढुंकूनही पाहू नये म्हणून. सहाव्या रात्रीची ही धास्ती उगाच नव्हती. गंजक्या विळ्याने किंवा मातीने भरलेल्या दगडाने नाळ कापली की नवजात धनुर्वात होई, आणि तो उमटायचा साधारण त्याच आठवड्यात. बाळ दूध ओढेनासे होई, जबडा आवळला जाई, अंग धनुष्यासारखे ताठे. दिवस बायकांनी बरोबर हेरला होता, दोष तेवढा सटवाईवर गेला. गरोदरपणातली टीटीची इंजेक्शने आणि स्वच्छ पात्याने नाळ कापणे, एवढ्यावर हा रोग हटत गेला. भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

शहरात हीच गोष्ट गिरण्यांच्या चाळींत वेगळ्या रीतीने घडली. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेला अर्भक मृत्युदर हजारी सहाशेच्या वर होता. कितीतरी जन्मांची नोंदच होत नसल्याने आकडा फुगलेला होता हे खरे, पण त्यातून बरेच वजा केले तरी उरते ते भयंकरच. त्याच सुमारास डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टर बाईंनी गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली. त्यांच्या अहवालात, या बायकांच्या बाळांपैकी शंभरातल्या ९८ जणांना अफू दिली जाते, असे आहे. अफूची ही बाळगोळी बाजारात उघड मिळे. आई पाळीला जायची, घरी सांभाळायला एखादी म्हातारी किंवा सहा-सात वर्षांची बहीण. बाळ झोपून राहिले तरच दिवस निभायचा. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी कायदा झाला, भत्ता ठरला रोजचा आठ आणे. बाळाचे पहिले काही आठवडे ही केवळ घरातली बाब नाही, हे इथे पहिल्यांदा कायद्याने मान्य केले.

त्यानंतरचा मोठा टप्पा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे आधी बालन्यूमोनियावर काम केले. श्वास फार जलद चालणे ही न्यूमोनियाची खूण. पण गावच्या दाईला फार पुढे मोजता येत नसेल तर तिने बाळाचे श्वास मोजायचे कसे? म्हणून मण्यांची पाटी बनवली. सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठाची मर्यादा, त्यावरच्याला पन्नासची. म्हणजे वर्षाच्या आतही बाळाचे वय दोनदा वेगळे धरावे लागले.

मग लक्ष गेले पहिल्या २८ दिवसांकडे. बाळंतिणीच्या खोलीत सोयरामुळे बाहेरचे कोणी जात नसे; आत काय होते याची नोंद कुठेच नव्हती. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन पाहणी झाली. निम्म्याहून अधिक बाळांना औषधोपचारांची गरज निघाली. प्रत्यक्ष उपचार मिळाले ते शंभरात तिघांनाही नाहीत. मग गावातल्याच शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केले. बाळाचे वजन घेणे, गुदमरलेल्याला पिशवी-मुखवट्याने श्वास देणे, गार पडणाऱ्याला उबदार झोळीत ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही कामे त्यांना शिकवली. गावच्या बाईच्या हाती सुई द्यायची यावर डॉक्टरमंडळींत बरीच कुजबुज झाली. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, आणि बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही.

मरण मागे हटले तसे बाळाला काय जाणवते, हा प्रश्न पुढे आला. फार उशिरा आला. १९८०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या नामांकित रुग्णालयांतही नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता होत. यांच्या मज्जातंतूंना वेदना कळत नाही असा समज होता. मूळचे भारतीय असलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये मुदतपूर्व बाळांवर अभ्यास करून दाखवले की नीट भूल दिलेल्या बाळाच्या शरीरावर ताण कमी येतो आणि ते बरेही चांगले होते. हे छापून आले १९८७ मध्ये. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला बाळाला दुखते हे सांगायला निबंध लागला नसता, पण शस्त्रक्रियेची पद्धत बदलायला लागला.

आता सगळ्यांचे येऊन थांबते ते सहा महिन्यांवर. बाळाला सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून सांगते. त्याआधी चार ते सहा महिने असे मोघम होते. २०१७ पासून पगारी प्रसूती रजाही पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे. अंगणवाडीतही तीच मर्यादा: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला स्वतःचा आहार नाही, त्याचा वाटा स्तनदा मातेच्या नावे जातो, सातव्या महिन्यापासून घरपोच आहाराचे पाकीट त्याच्या नावे सुरू होते.

रजेचा कायदा मात्र आस्थापनेला लागू होतो. बीडहून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला गेलेल्या कोयत्यातली, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीतली, बाई कोणत्या आस्थापनेत मोडते, हे ठरवणारे कोणी नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम हातातल्या उचलीच्या चिठ्ठीकडे.