शर्यत-मार्शल : टोपणनावे आणि चुरस

मोटार शर्यतीच्या मार्गाकडेला उभे राहून झेंडे दाखवणारे, बंद पडलेली गाडी हलवणारे, आग विझवणारे आणि अपघात झाला की चालकापाशी सर्वांत आधी पोहोचणारे जे लोक असतात, त्यांना मार्शल म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांना या कामाचा पगार मिळत नाही. आठवडाभर नोकरी करायची, सुटीच्या दिवशी पहाटे उठून ट्रॅक गाठायचा आणि संध्याकाळपर्यंत उन्हापावसात उभे राहायचे, असा हा उद्योग. मराठीत याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात; आणि गंमत अशी की ब्रिटनमध्ये या मंडळींना खरोखरच ‘ऑरेंज आर्मी’, म्हणजे नारिंगी लष्कर, असे नाव पडले आहे. एकमेकांना टोपणनावे ठेवणे आणि पोस्टापोस्टांत (पोस्ट म्हणजे मार्शलांची ट्रॅककडेची ठरलेली जागा), कामाकामांत खेळीमेळीची चुरस लावणे ही या लष्कराची जुनी खोड आहे. प्रस्तुत नोंद तिच्याविषयी आहे.

मार्शलला शर्यतीत बाजू घेता येत नाही. आवडता चालक समोरून गेला तरी हात उंचावायचा नाही, नावडता ट्रॅकबाहेरच्या खडीत रुतला तरी हसायचे नाही. कामावर असताना फोटो काढायलाही सहसा मनाई असते. शर्यतीचे वेड असलेला माणूसच हे काम पत्करतो, आणि नेमके त्यालाच सर्वांत जवळून शर्यत पाहताना चेहरा कोरा ठेवावा लागतो. आतली ईर्षा मग कुठून तरी वाट काढतेच. चालकांवरून भांडता येत नाही, तेव्हा ती आपली पोस्ट, आपले वळण, आपला झेंडा यांवर येऊन बसते. कंटाळा, थंडी आणि दोन शर्यतींमधला रिकामा वेळ ही कारणेही लोक सांगतात; ती खरी आहेत, पण तेवढ्याने या चुरशीतला कडवेपणा उलगडत नाही.

चुरशीला मैदान पुरवते ती पोस्टांची रचना. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (एफआयए) क्रीडासंहितेच्या ‘एच’ परिशिष्टानुसार लागोपाठच्या दोन पोस्टांमध्ये ५०० मीटरपेक्षा जास्त अंतर असू नये आणि प्रत्येक पोस्टला मागची-पुढची पोस्ट दिसली पाहिजे. ब्रिटनमधल्या ५.८९१ किमी लांबीच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकला नुसता भागाकार केला तरी बारा पोस्ट होतात. वळणे लक्षात घेतली की संख्या आणखी वाढते. प्रत्येक पोस्टवर एक प्रमुख, दोन-तीन झेंडेवाले, धावून जाणारे मार्शल आणि अग्निशामक नळकांडी. म्हणजे एकमेकांना दिसणारी, पण दिवसभर एकमेकांशी बोलता न येणारी छोटी छोटी बेटे. अशा ठिकाणी शेजाऱ्याविषयी मत बनायला फार वेळ लागत नाही.

टोपणनाव बहुधा फजितीतून पडते. पहिल्याच दिवशी ज्याचा पाय खडीत रुतला आणि जो तोंडावर आपटला, तो पुढची वीस वर्षे खडीच्याच नावाने ओळखला जातो. तेल सांडले की ब्रिटनमध्ये त्यावर सिमेंटची भुकटी टाकून झाडतात. वाऱ्याची दिशा न पाहता पोते उपडे करून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होणारा एखादा असतोच, आणि त्याचे बारसे जागच्या जागी होते. काही नावे गरजेपोटी येतात. एका पोस्टवर तीन डेव्ह असले तर एक गाडीवरून, एक उंचीवरून आणि एक सँडविचच्या डब्यावरून ओळखला जातो. काही नावे उलटी असतात : सर्वांत सावकाश धावणाऱ्याला वीज किंवा रॉकेट. कधी तर जागाच नाव होते; एकाच वळणावर वर्षानुवर्षे उभा राहणारा माणूस त्या वळणाचा नंबर लावूनच ओळखला जातो.

याचे काही अलिखित नियम आहेत. स्वतःचे नाव स्वतः ठेवता येत नाही; तसा प्रयत्न करणाऱ्याला त्याहून वाईट नाव मिळते. नवख्याला पहिले काही दिवस नावच नसते. तो ‘नवा’ असतो, आणि एखाद्या दिवशी कुणी त्याला चिडवले की त्याला कळते, आपण आता इथले झालो. तक्रार केली तर नाव अधिक घट्ट चिकटते. ही गोष्ट दर वेळी निरागस असते असे मात्र मानू नये. शरीरावरून, बोलण्याच्या लकबीवरून किंवा बाईमाणसाने हे काम करण्यावरून पडलेली नावे कुणाला तरी बोचतात, आणि थट्टा सहन होत नाही म्हणून माणूस पुढच्या वेळी येतच नाही. विनावेतन काम करणारा कधीही घरी बसू शकतो, म्हणून शहाणा पोस्टप्रमुख असे नाव रुळण्याआधीच हाणून पाडतो.

कामांमधली चुरस अधिक रंगतदार असते. झेंडा दाखवणाऱ्यांना ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात लाडाने ‘फ्लॅगी’ म्हणतात. गाडीकडे धावणाऱ्या मार्शलांच्या मते फ्लॅगी म्हणजे कापड हलवणारे, बुटाला चिखल न लागणारे लोक. फ्लॅगींचे उत्तर ठरलेले : आमचा धोक्याचा पिवळा झेंडा वर नसेल तर तुम्ही कठड्यापलीकडे पाऊल टाकून दाखवा. अग्निशामक पथकाला दोघेही आळशी ठरवतात, कारण त्यांचा दिवस चांगला गेला याचा अर्थ त्यांनी काहीच केले नाही असा होतो. पिट लेनमधल्या, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात तिथल्या, मार्शलांवर कॅमेऱ्यासमोर मिरवण्याचा आरोप असतो, तर वेळनोंदणी करणाऱ्यांवर छपराखाली बसण्याचा. गाड्यांची तपासणी करणारे स्क्रुटिनियर सगळ्यांच्याच टिंगलीचा विषय. ब्रिटनमध्ये त्यांना ‘स्क्रूट’ म्हणतात. रॅलीच्या जंगलवाटांवर उभे राहणारे मार्शल ट्रॅकवाल्यांना लाडावलेले समजतात, आणि ट्रॅकवाले म्हणतात, तुमच्याकडे गाडी दोन मिनिटांनी एकदा येते, मधल्या वेळात चहा होतो.

झेंडेवाल्याच्या कामात बाहेरच्याला न दिसणारी कारागिरी आहे. पावसात भिजलेले कापड काठीला गुंडाळून बसते आणि नेमक्या क्षणी उघडत नाही. म्हणून मुरलेला फ्लॅगी झेंडा नुसता डावी-उजवीकडे झटकत नाही. मनगट वळवत तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवतो, तेव्हा कापड फुललेले राहते. हातात तयार धरलेला पिवळा झेंडा तो पाठीमागे लपवून ठेवतो, चालकाला चुकूनही दिसू नये म्हणून. नियमाने झेंडा किमान ६० × ८० सेंमी असतो. लाल आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींचा किमान ८० × १०० सेंमी. वाऱ्यात पंधरा मिनिटे तो आठ काढत राहिले की खांदा बोलू लागतो. शेजारच्या पोस्टवर कुणाचा झेंडा काठीला चिकटला तर ते इकडून लगेच दिसते, आणि जेवणाच्या सुटीपर्यंत कुणी ते विसरत नाही.

अमेरिकेत हे लोक ‘कॉर्नर वर्कर’ म्हणून ओळखले जातात. १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या झेंडेवाल्यांचा परंपरागत पोशाख पांढरा आहे, नारिंगी नव्हे. पिवळा आणि लाल हे झेंड्यांचे रंग असल्याने अंगावर ते टाळावेत, ही काळजी दोन्हीकडे सारखीच. तिथे जोडीने काम चालते. पिवळा झेंडा धरणारा गाड्या जातात त्या दिशेला पाहतो, निळा, म्हणजे मागून वेगवान गाडी येत असल्याचा झेंडा धरणारा गाड्या येतात त्या दिशेला. दोघांची नजर उलट दिशांना, आणि एकाचा जीव दुसऱ्याच्या नजरेवर. निळ्यावाले आणि पिवळेवाले ही भावकी तिथूनच आली. झेंड्यांनाही नावे आहेत. काळ्या कापडावर नारिंगी वर्तुळ असलेला, यांत्रिक बिघाडाची सूचना देणारा झेंडा इंग्रजी बोलणाऱ्या देशांत सर्रास ‘मीटबॉल’ म्हणून ओळखला जातो, आणि अधिकृत नाव उच्चारणारा नवखा समजला जातो.

‘ऑरेंज आर्मी’ हे नाव ब्रिटिश मार्शलांच्या पोशाखावरून पडले. त्यांची जुनी संघटना १९५७ साली स्थापन झाली. ब्रिटिश मोटर रेसिंग मार्शल्स क्लब हे तिचे आधीचे नाव, आता ती ब्रिटिश मोटरस्पोर्ट मार्शल्स क्लब म्हणून चालते. अलीकडे फॉर्म्युला वन चालक मॅक्स व्हेर्स्टापनच्या डच चाहत्यांनाही हेच नाव लागले आहे. एक लष्कर ओरडण्यासाठी येते आणि दुसऱ्याला ओरडायला मनाई, हा विरोधाभास मार्शलांना स्वतःलाच फार आवडतो.

पोस्टापोस्टांतली खरी चुरस असते ती गाडी हटवण्याच्या वेळेची. गाडी खडीत थांबली की घड्याळ सुरू होते : चालक बाहेर, विजेचे बटण बंद, ओढण्याचा हूक सापडला, दोरी लागली, ‘स्नॅच’ नावाची ओढगाडी आली, गाडी कठड्यामागे गेली, खडी दाताळ्याने सारखी झाली. हे सगळे सेफ्टी कार (शर्यतीचा वेग रोखणारी पुढची गाडी) न मागवता उरकणे म्हणजे प्रतिष्ठा. या बाबतीत मोनाकोच्या मार्शलांचा जगभर दबदबा आहे. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कठडे, गाडी ढकलायला जागा नाही. म्हणून क्रेनने उचलून ती पलीकडे ठेवतात, आणि ते इतक्या सफाईने की इतरांना हेवा वाटतो. हेवा वाटला की शेराही येतो : प्रत्येक कोपऱ्यावर क्रेन दिली तर आम्हीही करू. दुसरी स्पर्धा गिऱ्हाइकांची. ज्या वळणावर जास्त गाड्या घसरतात तिथली पोस्ट मिरवते, आणि सरळ रस्त्यावर नेमणूक झालेल्यांना दिवसभर टोमणे ऐकावे लागतात. इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचचे पॅडॉक हिल किंवा ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्टचे डोंगरावरचे डिपर वळण ज्याला मिळते, त्याला निदान त्या दिवशी नम्र राहणे कठीण जाते.

रेडिओवर मात्र यातले काहीच ऐकू येत नाही. तिथे माणसाला नाव नसते, फक्त पोस्टचा क्रमांक असतो. ज्याला पाच मिनिटांपूर्वी रॉकेट म्हणून चिडवले तोच धावत निघतो, तेव्हा त्याची पाठ राखणारा झेंडा त्याच चिडवणाऱ्याच्या हातात असतो.

ही शिस्त फुकट आलेली नाही. ५ मार्च १९७७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे किरकोळ आग लागलेल्या गाडीकडे जाण्यासाठी दोन मार्शल चालू शर्यतीत रस्ता ओलांडून धावले. चढावामागून येणाऱ्या चालकाला ते दिसले नाहीत. अग्निशामक घेऊन धावणारा मार्शल आणि चालक टॉम प्राइस, दोघेही जागीच ठार झाले. २००० साली मॉन्झा आणि २००१ साली मेलबर्न येथे निखळलेल्या भागांच्या आघाताने एकेक मार्शल मृत्युमुखी पडला. म्हणून ‘आधी कोण पोहोचतो’ ही चुरस कुठलाही जबाबदार प्रमुख चालू देत नाही. पोहोचल्यानंतर किती नीट काम झाले, यावर हवी तेवढी चालते. संकरित इंजिनांच्या गाड्या आल्यापासून आणखी एक थांबा वाढला. गाडीवरचा दिवा हिरवा असेल तरच हात लावायचा. लाल असेल तर विजेच्या धक्क्याचा धोका. दिव्याकडे न पाहता हात पुढे करणाऱ्या जुन्या खोडाला नवखी पोरे रबरी हातमोजे दाखवून चिडवतात. ही उलटी थट्टा ज्येष्ठांना पचायला जड जाते, पण ती उपयोगाची आहे.

सर्व पोस्ट एकाच वेळी मिरवतात ती शर्यत संपल्यावर. चौकटीचा झेंडा पडला की गाड्या सावकाश एक फेरी मारतात आणि मार्शल हातातले सगळे झेंडे एकदम फडकवतात. दिवसभर ज्यांची एकमेकांशी सरमिसळ होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, ते पिवळे, निळे, हिरवे, पांढरे सारे रंग एकत्र. फ्रान्समधल्या १३.६२६ किमीच्या ल मां ट्रॅकवर चोवीस तासांच्या शर्यतीनंतर हे दृश्य पाहण्यासारखे असते : डोळे तारवटलेले, गळ्यात टॉवेल, आणि प्रत्येक पोस्ट शेजारच्यापेक्षा जोरात झेंडे हलवते आहे. चालक हात बाहेर काढून प्रतिसाद देतात. कुणाच्या पोस्टकडे पाहून दिला, यावर परतीच्या बसमध्ये वाद होतो.

टोपणनाव एका ठिकाणी चालत नाही, ते म्हणजे सकाळचा हजेरीचा कागद. त्यावर खरे नाव, परवान्याचा क्रमांक आणि काही झाले तर कुणाला कळवायचे तो फोन नंबर लिहावा लागतो. दहा वर्षे एका पोस्टवर उभे असलेले लोक तो कागद भरताना शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकावतात आणि म्हणतात, हे तुझं नाव आहे होय?