वन्यप्राण्यांचे स्थानांतरण : ठाणे परिसर

शिकारीचा धोका असलेल्या ठिकाणाहून दुर्मीळ प्राणी हलवून सुरक्षित अधिवासात सोडणे, किंवा शिकारीने ओस पडलेल्या जंगलात तो पुन्हा वसवणे, ही संरक्षणाची एक पद्धत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम १२ मध्ये त्यासाठी परवान्याची तरतूद आहे.

शिकाऱ्यांनी राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपवल्यावर २००८ मध्ये रणथंभोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणले गेले. पण जागा बदलली म्हणजे शिकाऱ्याचा फासा चुकला असे नव्हे. मध्य प्रदेशातील कान्हाहून ओडिशातील सातकोसियात २०१८ मध्ये नेलेला वाघ काही महिन्यांतच मेलेला सापडला. मानेला फाशाची जखम होती.

ठाण्याला लागून असलेले येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पूर्वेकडचा भाग. इथला प्रश्न बिबट्याचा आहे, आणि त्याला उचलून दुसरीकडे सोडण्याचा मोह नेहमीच होतो. ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने त्या कल्पनेतली फट दाखवून दिली. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर इथल्या विहिरीत पडलेल्या या नराला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. तो तिथे थांबलाच नाही. महामार्ग ओलांडत, कसारा स्थानकाजवळून, माणसांच्या वस्त्यांच्या कडेकडेने तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून ठाणे-वसई पट्ट्यातल्या, याच उद्यानाचा भाग असलेल्या नागला जंगलाकडे पोहोचला, आणि वाटेत त्याने कोणावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. ओळख पटली ती कातडीखालच्या चिपमुळे. त्याच वर्षी केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी बिबट्यांच्या अशा हलवाहलवीला लगाम घातला. येऊरसारख्या ठिकाणी त्यापेक्षा गस्त घालून रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फासे काढणे अधिक उपयोगी, कारण त्यात बिबट्याही अडकतो.

पाळीव प्राण्यांच्या चोरट्या बाजारातून सुटलेल्या तारा कासवांचे गणित वेगळे. २०१९ पासून ही जात ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. कोरड्या, झुडपी माळावरचे हे कासव. येऊरच्या दमट रानात किंवा तलावपाळीच्या पाण्यात सोडणे म्हणजे त्याला मारणेच, मग हेतू कितीही चांगला असो. जप्त कासवे आधी वेगळी ठेवून श्वसनाचे विकार तपासावे लागतात, नाहीतर आजार रानातल्या कासवांपर्यंत जातो. ती मुळात कुठून पकडली हे विक्रेता सहसा सांगत नाही, त्यामुळे परत नेण्याची जागा ठरवणे हेच सर्वांत किचकट काम ठरते. असे कासव घरात किंवा सोसायटीच्या आवारात दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.