बंदुकीला तेल नको, आधी अंघोळ घाला

दसऱ्याला बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका स्नेह्यांकडे शस्त्रपूजेला गेलो होतो. पाटावर त्यांच्या पणजोबांची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक होती, परवान्याची. पाऊस अजून हटला नव्हता. घोडा जिथे टोपीवर, म्हणजे ठिणगी देणाऱ्या छोट्या स्फोटक टोपणावर आपटतो, तिथे लोखंडावर मोहरीएवढे तांबूस थेंब उभे होते. आजी म्हणाल्या, "दर पावसाळ्यात येतात. हिने माणूस मारलाय, त्याचं रक्त आहे ते."

ते रक्त नाही, हे त्यांना तिथेच सांगितलं. कुणाच्या हत्येचं ओझं त्या घराने वर्षानुवर्षं उगाच वाहिलं याचं फार वाईट वाटलं. ते थेंब म्हणजे लोखंडाचं क्लोराइड. स्नेही म्हणाले, "पण आम्ही दर दसऱ्याला तेल लावतो!" खरा घोळ तिथेच आहे. तेलात मीठ विरघळत नाही, ते तेलाखाली तसंच राहतं.

हे मीठ येतं कुठून? बंदुकीच्या काळ्या दारूत साधारण 75 भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 कोळसा, 10 गंधक. ती जळाली की अर्ध्याहून जास्त वजन धुरात न जाता घन राहतं, मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट आणि सल्फेट. यातलं कार्बोनेट हवेची आर्द्रता 43 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून ओलं होतं. जुन्या टोप्यांतल्या पोटॅशियम क्लोरेटचं होतं क्लोराइड, ते 84 टक्क्यांच्या आसपास पाझरतं. बडोद्याचा श्रावण दोघांनाही पुरतो.

आता क्लोराइडची करामत पाहा. ओलाव्यात लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून आयन, म्हणजे धन भाराचा कण होतो, आणि तिथे बारीक खड्डा पडतो. हे इलेक्ट्रॉन धातूतून शेजारच्या जागी जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी ते घेतात. खड्ड्यात धन भार साचतो, तो फेडायला ऋण भाराचे क्लोराइड आयन आत ओढले जातात. तिथे तयार झालेल्या क्लोराइडचं पाण्याशी विघटन होऊन आम्ल बनतं. आम्ल आणखी लोखंड विरघळवतं, आणखी क्लोराइड आत येतं. या सगळ्यात क्लोराइड खर्चच होत नाही! चिमूटभर मीठ पुनःपुन्हा कामाला येतं आणि खड्डा खोल होत जातो. सोन्याला ही भीती नाही, कारण ते इलेक्ट्रॉन इतक्या सहज सोडत नाही.

म्हणून उपाय पाण्याचा. पुढच्या रविवारी आम्ही बसलो. आधी गज नळीत घालून तोंडाशी खूण केली, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. खूण तोंडाशी धरली तर गज बुडापर्यंत पोचत होता, म्हणजे आत जुना बार नाही. हे पाहिल्याशिवाय ठासणीच्या बंदुकीला हात लावू नये. नळी लाकडी दस्त्यापासून सोडवली आणि उकळतं डिस्टिल्ड पाणी ओतलं. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, ते चालत नाही. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं आलं. त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला तर पांढरी गढूळता, शाळेत शिकलेली क्लोराइडची खूण तीच.

उकळत्या पाण्याचे आणखी दोन फायदे. तापलेली नळी स्वतःच सुकते. शिवाय लोखंडाला चिकटलेला तांबडा गंज उकळत्या पाण्यात मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये बदलू लागतो, आणि हा घट्ट थर लोखंडाला सांभाळतो. जुने कारागीर नळीवर मुद्दाम गंज चढवून, उकळून, मऊ तारेच्या ब्रशने झाडून, हेच अनेकदा करत आणि तो सुंदर काळा रंग आणत. सोन्याचांदीची नक्षी असेल तर मात्र हे घरी करू नका.

एक कळकळीची विनंती. पितळी पट्ट्या चिंच-मिठाने घासू नका. ते मीठ फटीतून थेट लोखंडापाशी जातं. खोबरेलही नको, खवट झालं की त्यात आम्लं तयार होतात. शिलाई मशीनचं तेल बरं.

सहाव्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं आणि आजींनी वाटी उजेडात धरली. पाणी नितळ होतं. मग तेलाचा बोळा फिरवला.