किती केव्हीएचा बॅकअप घ्यायचा, या प्रश्नाची पार्श्वभूमी

धंद्यासाठी जनरेटर नाहीतर यूपीएस (लाइट जाताच बॅटरीतून वीज देणारं यंत्र) घ्यायचा म्हटलं की सगळे आधी हेच विचारतात, किती केव्हीएचा घेऊ (केव्हीए म्हणजे मशीन एका वेळी किती भार उचलू शकतं त्याचं माप). मला हा प्रश्न कायम थोडा घाईचा वाटतो, कारण त्याच्या पोटात तीन वेगळे प्रश्न आहेत: एका वेळी जास्तीत जास्त किती वीज लागते, किती तास लागते, आणि लाइट गेल्यावर किती वेळ थांबून चालतं. ही तिन्ही उत्तरं लोकांना एकदम सापडली नाहीत, वेगवेगळ्या काळात आणि बऱ्याचदा मोठं नुकसान सोसून सापडली, म्हणून मागचा इतिहास बघायला हवा.

सुरुवातीला तर चित्र उलटं होतं. एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये ४ सप्टेंबर १८८२ ला सुरू झालं, पण त्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं मोठे कारखाने, हॉटेलं, दुकानं स्वतःचाच डायनामो लावून वीज बनवायची. रस्त्यावरून येणारी वीज कित्येकांनी घेतली ती आपलं मशीन बंद पडलं तर हाताशी असावी म्हणून, म्हणजे ग्रिड हाच बॅकअप. आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज बनवणारी, वीजकेंद्रंसुद्धा शिशाच्या मोठमोठ्या बॅटऱ्या ठेवायची, त्या बॅटरीचा शोध गास्तों प्लांतेने १८५९ मध्येच लावलेला होता.

मोजमापाची गोष्ट मात्र हळूहळू पुढे सरकली. एडिसनच्या पहिल्या मीटरमध्ये द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या असायच्या, त्या काढून त्यांचं वजन करायचं आणि त्यावरून बिल. यात महिन्याला एकूण किती वीज वापरली ते कळायचं, पण एकाच वेळी किती ओढली याचा पत्ताच लागायचा नाही. आता समजा एका दुकानात दिवसभर थोडे दिवे चालतात आणि दुसऱ्यात संध्याकाळी दोनच तास पण भरपूर, दोघांचे युनिट सारखे आले तरी दुसऱ्यासाठी वीजकेंद्राला कितीतरी मोठं मशीन तयार ठेवावं लागतं. इंग्लिश इंजिनिअर जॉन हॉपकिन्सनने १८९२ च्या व्याख्यानात नेमकं हेच मांडलं, की वीज देण्याचा खर्च वेगळा आणि वीज द्यायला सज्ज राहण्याचा खर्च वेगळा, आणि दोन्ही वेगवेगळे आकारले पाहिजेत.

मग इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या आर्थर राइटने सर्वात जास्त मागणी नोंदवणारं यंत्र आणलं. करंटच्या उष्णतेने हवा फुगायची, काचेच्या नळीतला द्रव पलीकडे सांडायचा आणि सांडलेला तिथेच राहायचा, म्हणजे महिन्यातला सगळ्यात मोठा भार किती होता ते नंतर आरामात वाचता यायचं. शिकागोच्या सॅम्युएल इन्सुलने १८९४ मध्ये ब्रायटनला ही पद्धत पाहिली आणि नंतर आपल्या वीज कंपनीत तिच्यावरच दर बसवले. आज धंद्याच्या बिलावर मॅक्झिमम डिमांड आणि डिमांड चार्ज दिसतो त्याची मुळं इथे आहेत. सगळे ग्राहक एकाच क्षणी पूर्ण लोड घेत नाहीत हे इन्सुलने धंद्याचं गणितच करून टाकलं, आणि तेच तत्त्व एका इमारतीच्या आतही लागू पडतं. सगळ्या मशीनच्या प्लेटवरचे आकडे बेरजेला घेतले तर येतो तो कनेक्टेड लोड, खरी मागणी बहुतेक वेळा त्याच्या बरीच खाली असते.

पण इथे एक बारीक गोम आहे आणि माझ्या मते जनरेटर निवडताना सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. राइटचं यंत्र उष्णतेवर चालायचं, उष्णता चढायला वेळ लागतो, त्यामुळे क्षणभराचा झटका त्यात नोंदला जायचा नाही. आजचे डिमांड मीटरही साधारण १५ नाहीतर ३० मिनिटांची सरासरीच धरतात. ग्रिड एवढं मोठं असतं की एका मोटरचा झटका सहज पचवतं, जनरेटर नाही पचवू शकत. १५ किलोवॅटची मोटर चालताना साधारण २० केव्हीए घेते, पण ती थेट चालू केली तर काही सेकंद सहापट करंट ओढते, म्हणजे गोष्ट शंभर केव्हीएच्या पुढे जाते, व्होल्टेज खाली बसतं, बाकीचे कॉन्टॅक्टर (मशीन चालू-बंद करणारे विजेवरचे स्विच) सुटतात, आणि मालक म्हणतो की बिलावर तर डिमांड एवढी कमी होती. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी व्होल्टेजवर चालू करून मग पूर्ण व्होल्टेज देणारा) लावला तर लाइनमधून ओढला जाणारा हा करंट साधारण एक तृतीयांशावर येतो, सॉफ्ट स्टार्टर किंवा ड्राइव्हनेही (मोटर हळूहळू वेगात आणणारी यंत्रं) खूप फरक पडतो, आणि मोठी मोटर आधी नि बाकीच्या मागून असा क्रम ठेवला तरी बराच लहान जनरेटर पुरतो.

बरं, भीतीपोटी दुप्पट घेऊन ठेवला तर तेही वाईटच. डिझेल इंजिन (रुडॉल्फ डिझेलने ते १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी करून दाखवलं) सतत ३० टक्क्यांच्या खाली चालवलं तर नीट तापत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, आणि ऐन गरजेच्या दिवशी ते पूर्ण लोड उचलत नाही. शिवाय केव्हीए म्हणजे किलोवॅट नाही, तीन फेजचे सेट सहसा ०.८ पॉवर फॅक्टरला (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाचा हिस्सा) मोजलेले असतात, म्हणजे १०० केव्हीएच्या सेटमधून ८० किलोवॅट. आणि प्लेटवर स्टँडबाय (फक्त लाइट गेल्यावरचा) नि प्राइम (नेहमी चालवायचा) असे दोन आकडे असतील तर स्टँडबायचा मोठा आकडा रोज तासन् तास चालवायचा नसतो, तो अडीअडचणीसाठी.

किती लवकर, हा प्रश्न कॉम्प्युटरने आणला. चांगला डिझेल सेट चालू होऊन लोड घ्यायला साधारण १० सेकंद घेतो, दिव्यांना आणि लिफ्टला ते चालतं. कॉम्प्युटर उद्योगाने ठरवलेल्या मर्यादेत मात्र व्होल्टेज पूर्ण गेलं तर २० मिलिसेकंदच तग धरायची अपेक्षा आहे. आधी ही फट फिरत्या मोटर-जनरेटरच्या जड चाकाने भरायचे, १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर (हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) आणला आणि पुढे फिरता भाग नसलेले यूपीएस शक्य झाले. त्यामुळे जिथे सर्व्हर आहे तिथे यूपीएस की जनरेटर असा वाद घालण्यात अर्थ नाही, यूपीएस फट भरतो आणि जनरेटर तास काढतो.

तासांचा धडा मोठ्या ब्लॅकआउटनी दिला. ९ नोव्हेंबर १९६५ ला कॅनडातल्या एका केंद्रात चुकीच्या सेटिंगचा रिले (बिघाड दिसला की लाइन तोडणारं यंत्र) सुटला आणि ईशान्य अमेरिका नि ओंटारिओतले सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले, काही ठिकाणी १३ तास, आणि कित्येक वीजकेंद्रांकडे स्वतःची मशीन परत चालू करण्यापुरतीही वेगळी वीज नव्हती. १४ ऑगस्ट २००३ ला त्याच भागात ५ कोटी लोकांची वीज गेली तेव्हा मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपायला लागल्या. आणि २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये जनरेटर १३ व्या मजल्यावर सुखरूप, पण इंधन वर चढवणारे पंप तळघरात बुडालेले, लोकांनी हातोहात डिझेल जिन्याने वर नेलं. मशीनचा आकडा बरोबर होता, टाकी, पंप, पाइप यांचा विचार कमी पडला. म्हणून किती केव्हीए हे विचारताना सोबत किती लिटर आणि ते लिटर कुठून कसे येणार हेही विचारायलाच हवं.

लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि आता ती यूपीएसमध्ये आणि त्याहून मोठ्या साठ्यातही आली आहे. बॅटरीबाबत एक जुनी गोष्ट अजून लागू आहे, पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दाखवलं की शिशाची बॅटरी जितक्या जोरात रिकामी कराल तितकी तिची क्षमता कमी भरते, म्हणजे दहा तासांच्या दराने लिहिलेले अँपिअर-तास एका तासात पूर्ण मिळत नाहीत. लिथियममध्ये हा फरक खूपच कमी. आणि सोलर लावलंय म्हणून लाइट गेल्यावरही धंदा चालेल असं धरून बसलेल्यांना हे सांगायलाच हवं, की ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेलं की मुद्दाम बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून. त्यावर बॅकअप हवा असेल तर बॅटरी, त्यासाठी बनवलेला हायब्रिड इन्व्हर्टर, आणि गरजेचे लोड वेगळ्या बोर्डावर काढलेले, एवढं सगळं लागतं.