पोटाला बसलेला मुका मार

पावसाळ्यात घाटकोपरच्या एखाद्या खड्ड्यात स्कूटर आदळते आणि हँडलचं टोक बेंबीच्या वर रुततं. पोरगा उठतो, पँट झटकतो, टपरीवर कटिंग मारून घरी येतो. पोटावर रुपयाएवढा लाल डाग. आई हळद लावते. रात्री उलटी होते, तेव्हा संशय दुपारच्या वडापाववर जातो.

अशा माराला आपण मुका मार म्हणतो. आतड्याच्या बाबतीत तो फारच मुका असतो.

लहान आतडं साधारण सहा मीटर लांब आणि बरंचसं मोकळं, त्यामुळे एरवी ते सटकतं. पण हँडल आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये सापडलं तर चेंगरतं. एखादं वेटोळं दोन्हीकडून दाबलं गेलं तर फुग्यासारखं फुटतं. सुरुवातीला आणि अपेंडिक्सजवळ ते पाठीमागे घट्ट धरलेलं असतं, तिथे हिसक्याने फाटतं. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे आतडं शाबूत, पण त्याला रक्त पोचवणारा पडदा फाटलेला. तो तुकडा हळूहळू काळा पडतो आणि एक-दोन दिवसांनीही फुटू शकतो.

यकृत किंवा प्लीहा फाटली की रक्त साचतं आणि सोनोग्राफीत दिसतं. आतड्याच्या छिद्रातून आधी थोडंसंच झिरपतं, शिवाय वरच्या भागात जंतू कमी, हवाही कमी. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत छातीच्या पडद्याखाली हवेची कोर दिसली तर आतडं फुटल्याचा दाट संशय; न दिसली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. सीटी स्कॅन कितीतरी सरस, तरी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, लहान आतड्याला छिद्र पडलेल्या १३ टक्के रुग्णांचा सीटी ऑपरेशनआधी नॉर्मल होता. यकृत-प्लीहा धडधाकट आणि तरी पोटात पाणी दिसलं, तर सर्जनच्या कपाळावर आठी पडते: हे पाणी आलं कुठून?

कारच्या पट्ट्याचा पोटावर आडवा वळ उमटला असेल तरी तीच आठी. (पट्टा लावायचाच, पण पोटावरून नाही, कमरेच्या हाडांवरून.)

वॉर्डात नातेवाईक वैतागतात. "सोनोग्राफी नॉर्मल आहे ना, मग सोडत का नाही? निदान घोटभर चहा तरी द्या." पण खरी तपासणी तेव्हाच चालू असते. दर काही तासांनी, शक्यतो तोच डॉक्टर, तळहात पोटावर सपाट ठेवतो आणि खोकायला सांगतो. सकाळी मऊ असलेलं पोट दुपारी फळीसारखं लागलं, नाडी वाढली, ताप चढला, तर पुढच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. छिद्र पडलेलं असेल तर आठ तासांपुढचा उशीर जिवावर बेतू शकतो.

पोट उघडल्यावर सर्जन आतडं टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवत पाहतात. छिद्र लहान असेल तर टाके. काळा पडलेला तुकडा कापून दोन टोकं जोडतात. पोटात फार घाण झाली असेल किंवा रुग्णाची तब्येत खालावली असेल, तर काही महिने आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावतात. मग रोज राउंडला एकच प्रश्न, आणि सुरुवातीला त्यावर लाजणारा पेशंट नंतर आपणहून उत्तर देतो: वारा सरला का?